बाबांनी केलेली यॉर्कची मोजणी

माझे सासरे सांगलीला भूमापन खात्यात मोजणीदार होते. आयुष्यभर त्यांनी भांडणाऱ्या भावांच्या मधोमध साखळी टाकून जमिनी मोजल्या आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. त्यामुळे कुठलीही जागा दिसली की ती मुळात कोणाची, आता कोणाच्या ताब्यात आहे आणि मधल्या काळात काय घोळ झाला, हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा नागपूरला आमच्या घरी आले होते, तर चहा यायच्या आधी त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं की तुमचं कुंपण शेजाऱ्यानं हातभर आत घेतलंय. माझ्या वडिलांची त्या रात्रीची झोप गेली.

निवृत्त झाल्यावर एका ऑक्टोबरात ते आमच्याकडे जर्सी सिटीला आले. सासूबाई येणार होत्या, पण नणंदेचं बाळंतपण आलं म्हणून त्या सांगलीतच थांबल्या आणि बाबा एकटेच सहा महिन्यांसाठी आले. आमचा फ्लॅट उंच टॉवरमध्ये आहे. भाडं भरतो ते मुख्यतः खिडकीचं. खिडकीतून नदी दिसते आणि नदीपलीकडे अख्खं न्यू यॉर्क. येणारा प्रत्येक पाहुणा तिथे उभा राहून 'वॉव' म्हणतो आणि फोटो काढतो. बाबा हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. चहा गार झाला. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "याला न्यू यॉर्क म्हणतात ना?"

"हो बाबा."

"म्हणजे नवं यॉर्क. मग जुनं कुठंय?"

नवऱ्याची मीटिंग सुरू होत होती. तो म्हणाला, "असेल इंग्लंडमध्ये कुठेतरी."

"असेल म्हणजे? मूळ जागा माहीत नसताना तुम्ही नव्या जागेचं भाडं भरताय?"

नवऱ्यानं कानात हेडफोन घातले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या शनिवारी त्यांना लायब्ररीत घेऊन गेले.

लायब्ररीतल्या बाईंना वाटलं, म्हातारबुवांना न्यू यॉर्क फिरायचं असेल. त्यांनी भराभर टुरिस्टांची पुस्तकं काढून दिली. बाबांनी ती सगळी नम्रपणे परत सरकवली आणि "ओल्ड वन, मॅडम. ओरिजिनल," म्हणाले. शेवटी मागच्या कपाटातून यॉर्क शहराच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर तिथल्या मोठ्या चर्चचा फोटो होता. बाबांनी आत नकाशे आहेत याची खात्री केली आणि ते बगलेत मारलं.

बाबांचं इंग्रजी वाचन सावकाश पण पक्कं. दिवसभर ते खिडकीपाशी बसून वाचत आणि रात्री जेवताना आम्हाला ताजी खबर मिळे. रोमन लोक आले त्या दिवशी मी पिठलं केलं होतं.

"दोन नद्यांच्या बेचक्यात जागा मोकळी होती," बाबा म्हणाले. "रोमनांनी तिथं छावणी टाकली. चौकोनी, पण कोपरे गोल."

"गोल कोपऱ्यांचा चौकोन कसा असेल बाबा?" नवऱ्यानं विचारलं.

आमची मुलगी अकरा वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. ती म्हणाली, "लाइक माय आयपॅड."

बाबांनी आयपॅड हातात घेतला, चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि नातीकडे पहिल्यांदाच जरा आदरानं पाहिलं. "बरोबर," ते म्हणाले. "असाच."

पुढच्या आठवड्यात रोमन गेले. कुठे गेले, असं मी विचारलं, तर बाबा म्हणाले, "परत. बदली झाली." मग मोकळ्या जागेत सॅक्सन लोकांनी वहिवाट सुरू केली. त्यांना हुसकावून व्हायकिंगांनी कब्जा केला. दर कब्जेदारानं नाव बदललं. एबोराकमचं इओफरविक झालं, त्याचं योर्विक, आणि घासून घासून शेवटी यॉर्क. "एवढे फेरफार झाले," बाबा हळहळले, "पण एकाही वेळी जुन्या मालकाला नोटीस नाही."

मी चकल्या तळत होते तेव्हा नॉर्मन राजानं उत्तर इंग्लंड जाळलं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला ते सांगत होते आणि माझा सगळा एक घाणा करपला. किल्ल्याभोवती पाणी आणायला त्या राजानं नदी अडवली आणि लोकांच्या बऱ्याच जमिनी पाण्याखाली घातल्या, याचा बाबांना मनापासून राग आला होता. मोबदल्याचं पुस्तकात कुठेच काही नाही, असं ते मला दोनदा म्हणाले.

जानेवारीत आमच्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमच्याच टॉवरमध्ये राहणारे पुण्याचे एक काका, अत्यंत उत्साही. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला. "अगं, आपली गायिका बॉस्टनहून येणार होती. स्नोचा फोरकास्ट बघून तिनं कॅन्सल केलं. अर्ध्या तासाचा स्लॉट मोकळा झालाय. तुझे सासरे न्यू यॉर्कच्या इतिहासावर खूप वाचतायत म्हणे?"

"यॉर्कच्या," मी म्हटलं.

"हो हो, तेच." त्यांना ते न्यू यॉर्कचं लाडाचं नाव वाटलं असावं.

संध्याकाळी ग्रुपवर जाहिरात आली. एका बाजूला स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, दुसऱ्या बाजूला तिळगुळाची वाटी आणि मध्ये 'न्यू यॉर्क: काल आणि आज'. मी ती धास्तावत बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा चढवून पाहिली. "कालपासून सुरुवात म्हणजे ठीक आहे," ते म्हणाले. "मुळापासूनच सांगावं लागेल."

कार्यक्रम एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये होता. बाबांनी गिफ्ट रॅपच्या कागदाच्या पाठीवर यॉर्कचा नकाशा काढून आणला होता, प्रमाण आणि उत्तर दिशेच्या बाणासकट. तो त्यांनी भिंतीला चिकटवला. समोर शंभरेक माणसं, मागे टेबलावर मसालेभात आणि गुळाच्या पोळ्या. बाबांनी घसा साफ केला आणि रोमनांपासून सुरुवात केली.

पहिली काही मिनिटं लोकांना वाटलं ही प्रस्तावना आहे. मग व्हायकिंग आले तसे लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाबा म्हणाले, "व्हायकिंग लोक रस्त्याला गेट म्हणत. म्हणून यॉर्कमध्ये आजही रस्त्यांची नावं गेटनं संपतात. मग खऱ्या गेटला, म्हणजे वेशीला, काय म्हणायचं? तर बार."

हॉलमध्ये जरा जाग आली.

"शहराला चार मोठे बार आहेत," बाबा शांतपणे सांगत होते. "राजा यॉर्कला आला की आधी बारपाशी थांबे. गावातले प्रतिष्ठित लोक तिथं त्याच्या स्वागताला जमत. गद्दारांची मुंडकी कापून याच बारवर टांगून ठेवत."

"बिल दिलं नसेल," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळा हॉल हसला. बाबा थांबले. हसण्यासारखं काय झालं ते त्यांना कळलं नाही. आयुष्यात ते कधी कुठल्या बारची पायरी चढलेले नाहीत. त्यांनी नकाशाकडे वळून चारही बार पुन्हा एकदा पट्टीनं दाखवले.

अर्धा तास झाला तेव्हा अध्यक्षकाकांनी लांबून घड्याळावर बोट ठेवलं. बाबांनी मान डोलावली आणि कोणत्या शतकात आहोत ते सांगितलं. एका तरुण मुलानं हात वर केला. "काका, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी कधी येणार?"

"ती हद्दीबाहेर आहे," बाबा म्हणाले आणि प्लेगकडे वळले.

लहान मुलं पोळ्यांच्या टेबलाखाली जाऊन बसली. खाटकांची गल्ली झाली, मोठं चर्च बांधून पूर्ण झालं, रेल्वे आली आणि स्टेशनात जायला रुळांनी थेट शहराच्या भिंतीला भगदाड पाडलं. अध्यक्षकाका हात जोडून स्टेजच्या पायरीवर येऊन उभे राहिले. तेव्हा कुठे बाबांनी पट्टी खाली ठेवली. "मधल्या काळात इंग्रजांनी इथली जागा डचांकडून घेतली आणि त्यांच्या यॉर्कच्या ड्यूकच्या नावानं हिला न्यू यॉर्क म्हणायला लागले," ते म्हणाले. "बाकी तुम्ही रोज बघताच."

न्यू यॉर्कचा इतिहास एवढाच झाला. टाळ्या मात्र जोरात पडल्या, कारण जेवण सुरू होत होतं.

मसालेभाताच्या रांगेत बाबांच्या पुढे दोन मुलगे उभे होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "काकांनी फार पकवलं यार." बाबा मागेच आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. ते ताटातल्या पापडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून जेवताना यॉर्क बंद झालं. मी दोनदा विचारलं, "मग रेल्वेनंतर काय झालं बाबा?" तर म्हणाले, "काही विशेष नाही." नवऱ्यानंही विचारलं, आणि नवऱ्यानं आपण होऊन काही विचारायचं म्हणजे घरात वातावरण गंभीर आहे असं समजायचं. बाबा टीव्हीवर बास्केटबॉल बघायला लागले. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. त्या आठवड्यात एका दुपारी ते म्हणाले, "पुस्तक परत करून येतो," आणि कोट घालून बाहेर पडले.

पंधरा-वीस मिनिटांत ते परत आले. पुस्तक हातातच होतं आणि चेहरा लाल झाला होता.

मी कॉलवर होते, तो म्यूट केला. "काय झालं?"

"लिफ्टमध्ये एक बाई भेटल्या. खालच्या मजल्यावरच्या. पांढऱ्या केसांच्या."

"मग?"

बाबांनी कोटाची बटणं काढली, परत लावली. "मला लव्ह म्हणाल्या."

हळूहळू सगळा प्रकार बाहेर आला. लिफ्ट लॉबीत पोचली तेव्हा बाई आत शिरल्या, त्यांनी पुस्तकावरचं चर्च पाहिलं आणि म्हणाल्या, हे माझं गाव, लव्ह, मी इथे जन्मले. बाबा एवढे गडबडले की लॉबीत न उतरता त्यांच्याबरोबर पुन्हा वर गेले. मी त्यांना समजावलं की तिकडे दूधवाल्यालाही लव्ह म्हणतात, आपण 'अहो दादा' म्हणतो तसं. बाबांना ते पटायला थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, "त्यांना रविवारी चहाला बोलावलंय. तुझ्या सासूला फोनवर सांगू नकोस. मी सांगतो."

बाई आल्या. तरुणपणी एका अमेरिकन माणसाशी लग्न करून त्या इकडे आल्या होत्या. आता नवरा नव्हता. लेक जवळ राहते म्हणून उपनगरातलं घर विकून त्या आमच्या टॉवरमध्ये आल्या होत्या. बाबांनी प्रश्न काढून ठेवले होते. त्यांचं सांगलीचं इंग्रजी बाईंना कळेना आणि बाईंचं यॉर्कचं इंग्रजी बाबांना कळेना, म्हणून मी मध्ये बसून इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर करत होते.

"तुमच्या घराजवळ कुठला बार होता?" बाबांनी विचारलं.

अमेरिकेत इतकी वर्षं काढल्यावर बार म्हटलं की बाईंनाही प्यायचा बारच आठवला. त्यांनी कोपऱ्यावरच्या एका पबचं नाव सांगितलं. "माझे वडील दर शुक्रवारी जायचे," त्या म्हणाल्या.

"दर शुक्रवारी वेशीवर? पहाऱ्याला होते का?"

"नाही, चॉकलेटच्या कारखान्यात होते."

हे निस्तरायला मला अख्खा चहा लागला. पण त्या चॉकलेटवरून बाई रंगात आल्या. वारा फिरला की अख्ख्या गावाला चॉकलेटचा वास यायचा. वडील बिघडलेल्या आकाराची चॉकलेटं घरी आणायचे आणि अठरा वर्षांच्या होईपर्यंत बाईंना वाटत होतं की चॉकलेट वाकडंच असतं. नदीला पूर आला की शाळेला सुट्टी. रोमनांबद्दल, व्हायकिंगांबद्दल मात्र त्यांना जवळजवळ काहीच सांगता येईना. "आम्ही तिथे राहत होतो, लव्ह," त्या म्हणाल्या. "वाचायचं कशाला?"

बाबांचा चेहरा पडला. पण मग बाईच म्हणाल्या, "तुम्ही सांगा ना."

बाबांनी कपाटावरून तो गिफ्ट रॅपचा नकाशा काढला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. त्या दिवशी ते जे बोलायला लागले ते सलग दिवे लागेपर्यंत. बाई कोपर टेकून ऐकत होत्या. मध्येच "असं होय," म्हणत होत्या. त्यांच्या रोजच्या शाळेच्या रस्त्याखाली रोमन माणसं पुरलेली होती हे ऐकून त्यांनी दुसरा कप मागितला. पुढे दर रविवारी हा कार्यक्रम ठरून गेला. सासूबाईंनी फोनवर एकदा मला विचारलं, "ती बाई दिसायला कशी आहे?" मी म्हटलं, "पंचाहत्तरीची आहे." "ते नाही विचारलं," त्या म्हणाल्या.

मार्चअखेर बाबांचं परतीचं तिकीट होतं, लंडनमार्गे. माझा चुलत दीर लीड्सला नोकरी करतो. लीड्सहून यॉर्क जवळच. नवऱ्यानं बाबांना न सांगता ब्रिटनच्या व्हिसाची चौकशी केली आणि प्रवासात तीन दिवस मोकळे काढले. बाबांना सांगितलं तेव्हा ते "कशाला उगाच खर्च," म्हणाले आणि लगेच मोजपट्टी बॅगेत टाकायला गेले. बाईंनी त्यांना एकच काम सांगितलं. भिंतीबाहेरच्या एका विटांच्या चाळवजा ओळीत त्यांचं माहेर होतं. आईवडील गेल्यावर ते विकलं गेलं. ते अजून आहे का, एवढं बघून यायचं.

बाबा यॉर्कला जाणार होते त्या शनिवारी सकाळी बाई आमच्याकडे येऊन बसल्या. मी साबुदाण्याची खिचडी केली होती. तिकडे दुपार होती. दिरानं व्हिडिओ कॉल लावला. आधी दिसला तो बाबांचा कान, मग पाऊस, मग लाल विटांची एक लांब ओळ.

"घर आहे," बाबांनी जाहीर केलं. "दार निळं आहे."

"हिरवं होतं," बाई म्हणाल्या.

"थांबा, दर्शनी रुंदी घेतो." आणि बाबा त्या घरासमोर फुटपाथवर मोजपट्टी धरून वाकले. मागून दिराचा दबका आवाज येत होता, "काका, चला ना, लोक बघतायत. पोलीस बोलावतील." तेवढ्यात निळं दार उघडलं आणि हाफ पँट घातलेला एक तरुण गोरा मुलगा बाहेर आला.

बाबा सरळ झाले. "आय ॲम ओन्ली मेझरिंग," त्यांनी खुलासा केला.

मुलाचा चेहरा उजळला. "अखेर आलात तर," तो म्हणाला. त्याला वाटलं घरमालकानं माणूस पाठवलाय. स्वयंपाकघरात पाणी गळत होतं आणि तो केव्हापासून तक्रार करत होता. दीर काही बोलायच्या आत तो बाबांना दंडाला धरून आत घेऊन गेला. फोन पाठोपाठ आत गेला.

बाईंनी खिचडीची बशी बाजूला ठेवली. स्क्रीनवर एक अरुंद जिना आला, मग स्वयंपाकघर. "ती खिडकी," त्या म्हणाल्या. "तीच खिडकी आहे."

बाबा मात्र कामात होते. त्यांनी भिंत ठोकून पाहिली, ओल कुठून येते ते बोटानं दाखवलं आणि पाणी शेजारच्या घराच्या पन्हळीतून येतंय, भिंत सामाईक आहे, दोघांनी मिळून दुरुस्त करावी, असा निकाल दिला. नंतर दिरानं खरा प्रकार सांगितला, तर तो मुलगा इतका हसला की त्याला खुर्चीवर बसावं लागलं. मग त्यानं फोन स्वतःच्या हातात घेतला आणि बाईंना घर वरपासून खालपर्यंत फिरवून दाखवलं. माळ्यावरची खोली तुमची होती का, असं त्यानं विचारलं. त्या फक्त मान हलवत होत्या. ते त्याला दिसत होतं, त्यामुळे चाललं.

तासाभरानं बाबांचा पुन्हा फोन आला. पाऊस थांबला होता. आता ते शहराच्या भिंतीवर चढले होते आणि धापा टाकत चालत होते. "भिंत उत्तम स्थितीत आहे," ते म्हणाले. "इथून समोरच रेल्वे स्टेशन दिसतं."

बाई फोनच्या जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "माझे वडील तिथे उभे होते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या फोनकडेच बघत होत्या. अमेरिकेत लग्न करायचं म्हणून वडील त्यांच्यावर रागावले होते. निघायच्या दिवशी स्टेशनवर आले नाहीत. वर्षभरानं आईचं पत्र आलं, त्यात होतं की ते त्या सकाळी भिंतीवर जाऊन उभे राहिले होते. पुढे भेटी झाल्या, पण तो विषय दोघांनीही कधी काढला नाही. त्यांना वडिलांनी पाहिलं की नुसतीच भिंत गाठली, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. बाबा थांबले. फोन त्यांनी दिराच्या हातात दिला आणि भिंतीच्या कठड्याला टेकून बराच वेळ स्टेशनकडे बघत राहिले. थोडे डावीकडे सरकले. परत उजवीकडे आले. मग कॅमेऱ्यात येऊन त्यांच्या त्या सावकाश, पक्क्या इंग्रजीत थेट बाईंशी बोलले. मला भाषांतर करावं लागलं नाही.

"मॅडम, प्लॅटफॉर्म छपराखाली आहे. ट्रेन दिसत नाही. पण स्टेशनच्या दारातून आत जाणारा माणूस इथून स्वच्छ दिसतो. आत्ता एक बाई छत्री मिटून आत गेली, तिची पर्ससुद्धा मला दिसली. तुम्ही काय घातलं होतं?"

"एक भयानक पिवळी टोपी," बाई म्हणाल्या. "वडिलांना ती अजिबात आवडायची नाही."

"मग दिसली," बाबा म्हणाले. "शंकाच नको."

बाईंनी डोळे पुसले आणि हसल्या. मग त्यांनी बशी पुन्हा पुढे ओढली आणि मला विचारलं की ही गार झालेली खिचडी गरम करून मिळेल का.